न दिसलेली लाल खिडकी

फोन आला तेव्हा अक्का नुकत्याच कार्यालयात येऊन टेकल्या होत्या. पलीकडून रुग्णालयाचे अधीक्षक बोलत होते. आवाजात घाई होती, भीती नव्हती.

"सोमवारी आमच्याकडे एक रुग्ण दगावला. रक्ताचा रिपोर्ट वॉर्डात पोचलाच नाही. चूक कोणाची ते आम्हाला कळलंय. तुम्ही फक्त येऊन शिक्कामोर्तब करा."

शेवटचं वाक्य अक्कांना खटकलं. त्यांनी बावीस वर्षं प्रोग्राम लिहिण्यात घालवली होती. गेली नऊ वर्षं त्यांचं काम एकच होतं. यंत्रामुळे माणसाला इजा झाली, तर ती का झाली ते शोधायचं. हातात ना अटक करायचा अधिकार, ना कोणाला कामावरून काढायचा. अहवाल लिहायचा, सही करायची आणि पुढच्या ठिकाणी जायचं. त्यांचं खरं नाव कार्यालयातले लोकही विसरले होते. लहानथोर सगळे त्यांना अक्काच म्हणत.

तासाभरात त्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पोचल्या.

दगावलेले गृहस्थ घड्याळं दुरुस्त करायचे. वय अठ्ठावन्न. सोमवारी सकाळी पाय लटपटतात म्हणून बायकोचा हात धरून आले होते. दहा वाजता रक्त घेतलं. त्यात पोटॅशियम इतकं वाढलेलं निघालं, की हृदय कुठल्याही क्षणी बंद पडावं. यावर इंजेक्शन आहे. वॉर्डातल्या कपाटात ते होतंही. फक्त आकडा कळायला हवा होता. तो कळला नाही आणि दुपारी एक चाळीसला हृदय थांबलं.

तो रिपोर्ट पाठवायचं काम ज्या मुलीचं होतं, तिला प्रयोगशाळेत सगळे बारकी म्हणत. तिशी ओलांडली होती, पण अंगानं लहान चणीची, म्हणून बारकी. मंगळवारपासून तिला घरी बसवलं होतं. आज चौकशीसाठी बोलावलं होतं. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. तिच्या शेजारी तिचा मोठा भाऊ उभा होता. तो याच रुग्णालयाचा प्रोग्रामर. रिपोर्ट पाठवायचा प्रोग्राम त्यानंच लिहिलेला. आईवडील लवकर गेले, तेव्हा यानंच बहिणीला वाढवलं, शिकवलं, इथं चिकटवलं. ती त्याला दादा म्हणे. तिचं ऐकून सगळी प्रयोगशाळाही त्याला दादाच म्हणू लागली होती.

अक्कांनी बारकीला समोर बसवलं.

"रिपोर्ट किती वाजता पाठवलात?"

"अकरा दहाला."

"नक्की?"

"आकडा बघून धस्स झालं होतं, म्हणून घड्याळ बघितलं. 'पाठवा' दाबलं. ओळ यादीतून गेली. ओळ गेली म्हणजे रिपोर्ट गेला, असंच असतं."

"स्क्रीनवर काही आलं? एखादी सूचना?"

"लाल खिडकी? नाही आली." ती अडखळली. "मला तरी दिसली नाही."

मग तिनं न विचारताच पुढचं सांगितलं. साडेबाराला वॉर्डातल्या नर्सनं फोन केला होता, रिपोर्ट आला नाही म्हणून. बारकीनं तिला सांगितलं, मी केव्हाच पाठवलाय, नीट बघा. नर्स बरं म्हणाली आणि फोन ठेवला. एवढं सांगून बारकी मान खाली घालून बसली. आकडा फोनवरच सांगून टाकायचं तेव्हा तिच्या मनात आलं नव्हतं. पूर्वी तसा नियम होता. प्रोग्राम आल्यावर तो बंद केला होता.

दादा मध्येच बोलला. आवाज हळू, समजुतीचा होता.

"ती खोटं बोलणारी नाही. पण माणूस घाईत असतो. नेटवर्कची लाइन चार मिनिटं पडली, तेवढ्यात नेमका हिचा रिपोर्ट सापडला. खिडकी आली असणार. टाइप करता करता हिच्या हातून एंटर दाबलं गेलं असणार आणि खिडकी मिटली. मी तिला तेच सांगतोय. चूक झाली म्हणून कबूल कर, चूक कोणाचीही होते. निदान मुद्दाम केलं असं तरी कोणी म्हणणार नाही."

बारकीनं मान हलवली. "तसंही झालं असेल," ती म्हणाली. "चार दिवस आठवतेय. आता आठवत नाही की नुसतं वाटतंय, तेच कळेनासं झालंय."

अक्कांनी वहीत दोन शब्द लिहिले आणि वही मिटली.

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर उंच आणि टापटिपीचे होते. त्यांनी अक्कांना प्रात्यक्षिकच दाखवलं. बारकीच्या कॉम्प्युटरची नेटवर्कची वायर काढली, एक खोटा रिपोर्ट भरला आणि 'पाठवा' दाबलं. पंधरा सेकंदांत स्क्रीनच्या मधोमध लाल खिडकी उभी राहिली. 'रिपोर्ट पोचला नाही.' खाली दोन बटणं होती, 'पुन्हा पाठवा' आणि 'ठीक आहे'. प्रमुखांनी 'ठीक आहे' दाबलं. खिडकी मिटली, ओळही यादीतून गेली.

"बघितलंत? एवढी मोठी खिडकी. न दिसायला ती काय टाचणी आहे?"

अक्कांनी विचारलं, ही खिडकी रोज येते का. प्रमुख जरा खुलले. पूर्वी नुसता वैताग होता, ते म्हणाले. एकाचा आकडा भरत असावं, तर मध्येच दुसऱ्याच्या रिपोर्टची खिडकी टपकायची. त्या नादात एकदा एकाची साखर दुसऱ्याच्या नावावर गेली. शेवटी त्यांनी दादाला बजावलं, या खिडक्यांचा बंदोबस्त कर. त्यानं केला. तीन आठवड्यांत एकही चूक नाही. सोमवारी सकाळी अकरा ते दोन सगळ्या विभागप्रमुखांची बैठक होती. तिथं त्यांनी दादाला सोबत नेलं होतं. फोन बाहेर टोपलीत ठेवायला लावून, त्याच्याच तोंडून ही कामगिरी सगळ्यांना ऐकवली होती.

"बंदोबस्त म्हणजे त्यानं नेमकं काय केलं?"

"ते त्याला माहीत. मला मध्येच टपकणाऱ्या खिडक्या नको होत्या. त्या गेल्या."

बाकीच्या दोन तंत्रज्ञ बायकांनीही तेच सांगितलं. तीन आठवड्यांत लाल खिडकी दिसली नव्हती. सुधारली असेल बाई लाइन एकदाची, असं म्हणून त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला होता.

मग अक्का तळघरात नेटवर्कवाल्याकडे गेल्या. वायरींच्या जंजाळात बसलेला तो गृहस्थ त्यांना बघूनच पांढरा पडला. लाइन सुधारली का, या प्रश्नावर तो कसंनुसं हसला. कसली सुधारते? ज्या डब्यातून सगळी लाइन जाते तो जुना झालाय, तापतो. दिवसातून दोन-तीनदा बंद करून चालू करावा लागतो. नवा मागून दीड वर्ष झालं.

"सोमवारी?"

त्यानं आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "अकरा आठला बंद केला. अकरा बाराला सुरू झाला."

"कोणाला सांगितलंत?"

"कोणालाच नाही. कोणी विचारलंही नाही. रुग्ण गेल्याचं कळल्यावर तर माझी जीभच उचलेना. शपथेवर सांगतो अक्का, आत्ता तुम्हाला सांगतोय तेच पहिलं."

अक्कांनी त्याच्याकडून आठवडाभराची नोंद मागून घेतली. कुठल्या यंत्राकडून कुठल्या यंत्राकडे काय गेलं, त्याचं ते लांबलचक भेंडोळं होतं. जिना चढताना त्या मध्येच थांबल्या. लाइन रोज पडत होती. खिडकी मात्र तीन आठवडे कोणाला दिसली नव्हती. आणि आज ती व्यवस्थित उभी राहत होती.

वॉर्डात नर्सनं आलेल्या रिपोर्टांची यादी दाखवली. ती सारखी पदराशी चाळा करत होती. मीच जाऊन विचारून यायला हवं होतं, दोन मजल्यांचं तर अंतर, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. अक्कांनी यादीवरून बोट फिरवलं आणि ते एका ओळीवर थांबलं. दुसऱ्याच एका रुग्णाचा साधा साखरेचा रिपोर्ट होता तो. बारकीनं तो अकरा नऊला पाठवला होता. वॉर्डात पोचल्याची वेळ दुपारी दोन दहा.

बारकीला त्यांनी तेवढंच विचारलं. हा रिपोर्ट दुपारी पुन्हा पाठवलात का? ती गोंधळली. तिनं पुन्हा काहीच पाठवलं नव्हतं. जायचा राहिलाय हेच तिला ठाऊक नव्हतं.

आता एकच गोष्ट हवी होती. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम अक्कांनी तपासला. सगळीकडे तारीख तीच, तीन आठवड्यांपूर्वीची. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, इथं सगळी मिळून यंत्रं किती? सहा, उत्तर आलं. अक्कांना पाचच दिसली होती. सहावं रक्त घेण्याच्या खोलीतलं होतं. ते शनिवारी दुरुस्तीला गेलं होतं, काल परत आलं आणि अजून खोक्यातच होतं.

अक्कांनी खोकं स्वतः उघडलं. यंत्र टेबलावर ठेवलं. वायर न जोडताच खोटा रिपोर्ट भरून 'पाठवा' दाबलं.

ओळ यादीतून गेली. स्क्रीन मोकळा झाला. अक्का पाच मिनिटं थांबल्या, मग दहा. काहीच आलं नाही. खुर्ची पुढे ओढून त्यांनी प्रोग्रामची आतडी उघडली आणि वाचू लागल्या.

दुपारी त्यांनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं. अधीक्षक, प्रमुख, नेटवर्कवाला, बारकी आणि दादा. खिडकीतून ऊन थेट टेबलावर येत होतं. पडदा ओढायचं कोणाला सुचलं नाही.

"बारकीला खिडकी दिसली नाही, कारण खिडकी आलीच नाही," अक्का म्हणाल्या.

प्रमुख काही बोलणार होते. अक्कांनी हात वर केला.

त्यांनी सावकाश सांगितलं. अगदी पूर्वी हा प्रोग्राम रिपोर्ट पाठवायचा आणि पोच येईपर्यंत थांबून राहायचा. तोवर स्क्रीन गोठायचा. लोक कुरकुरायचे. म्हणून दादानं पाठवायचं काम मागच्या मागे सोपवलं. कोणाच्या हाती निरोप देऊन त्याला वाटेला लावावं आणि आपण लगेच दुसऱ्या कामाला लागावं, तसं. यात गैर काही नाही, सगळे असंच करतात. पण निरोप्या वाटेत पडला, तर ती बातमी उशिरा येते आणि कुठल्याही क्षणी येते. खिडक्या मध्येच टपकू लागल्या त्या म्हणूनच.

"यावर उपाय होता. बातमी आली की ओळ यादीत परत आणायची आणि हातातलं काम संपलं की खिडकी दाखवायची. कष्टाचं काम आहे, दोन आठवडे लागले असते. तुम्ही किती दिवस दिलेत?"

प्रमुखांनी टेबलाकडे बघत सांगितलं, दोन दिवस.

"दोन दिवसांत एकच गोष्ट जमते. निरोप्या पडल्याची बातमी दारातच अडवायची. तीन आठवड्यांपूर्वीपासून तसंच चाललं होतं. रिपोर्ट जावो न जावो, स्क्रीन म्हणायचा सगळं ठीक आहे. खोक्यातल्या यंत्रावर तो प्रोग्राम अजून तसाच आहे."

"पण खिडकी तर मी तुम्हाला दाखवली," प्रमुख म्हणाले.

"ती सोमवारी परत बसवलेली आहे. दुपारी चार चाळीसला एकाच टेबलावरून पाचही यंत्रांवर नवा प्रोग्राम गेला. नेटवर्कच्या नोंदीत ते आहे. तारीख मागची घातली, पण नोंद पुसता आली नाही. सहावं यंत्र इथं नव्हतं, ते सुटलं."

दादा हलला नाही. बारकी भावाकडे बघत होती, पण अजून तिला काही उमगलं नव्हतं.

अक्का त्याच्याकडे वळल्या. "सकाळी तुम्ही म्हणालात, लाइन चार मिनिटं पडली. हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

दादानं बहिणीकडे बघितलं.

"कोणीच नाही. लाइन पडल्याचं तोपर्यंत जगात एकाच माणसाला ठाऊक होतं आणि तो भीतीनं गप्प होता. पण तुमच्याकडे दुसरी वाट होती. अडवलेली बातमी तुम्ही फेकून दिली नव्हतीत. लाइन आली की प्रत्येक चुकीबद्दल तुमच्या पत्त्यावर मेल यायचा. प्रोग्राममध्ये तुमचा पत्ता आहे. सोमवारी पहिल्या मेलमधली चूक अकरा आठची, शेवटच्यातली अकरा बाराची. खरं ना?"

"चार मेल होते," दादा म्हणाला.

इतका वेळ धरलेलं काहीतरी सुटलं आणि तो बोलत गेला. तीन आठवडे रोज पाच-सहा मेल यायचे. फोन खिशात खणखणला, की तो हातातलं काम टाकून तो रिपोर्ट आपल्या टेबलावरून पुन्हा पाठवायचा. जेवताना, रस्त्यात गाडी थांबवून, मुलीला शाळेतून आणताना. मेल आल्यावर दोन मिनिटांच्या वर त्यानं एकही रिपोर्ट अडकू दिला नव्हता. नीट काम करायला वेळ मिळाला की करू, तोवर आपण आहोतच, असं त्याला वाटायचं.

"आणि सोमवारी फोन टोपलीत होता," अक्का म्हणाल्या.

"आत मी सांगत होतो, चुका शून्यावर आल्या." तो हसल्यासारखा दिसला. "दोन वाजता बाहेर आलो. चार मेल. तीन रिपोर्ट पाठवले, ते गेले. चौथा पाठवला तर प्रोग्राम घेईना. म्हणाला, या रुग्णाची नोंद बंद झाली आहे. मी कारण उघडून बघितलं."

नेटवर्कवाल्यानं चेहरा ओंजळीत घेतला.

प्रोग्राम बदलला तेव्हा, सकाळी त्या यंत्रावर कोण बसलं होतं, हे दादाला ठाऊक नव्हतं. सोमवारी दुसऱ्याच बाईची पाळी होती. ती आजारी पडली म्हणून बारकी तिथं बसली होती. ते त्याला संध्याकाळी घरी कळलं, तिच्याच तोंडून. ती रडत होती आणि तो तिच्या पाठीवरून हात फिरवत होता.

बैठकीत बारकीनं आता पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"दादा, एंटर माझ्याच हातून दाबलं गेलं असेल, हे तू मला किती वेळा सांगितलंस?"

"तुला कमीत कमी त्रास व्हावा म्हणून..."

"मला ते दिसायला लागलं होतं. लाल खिडकी, माझं बोट, सगळं. काल मी वहिनीला शपथेवर सांगितलं की आता मला आठवतंय."

दादानं तिच्याकडे हात पुढे केला. तिनं तो झिडकारला नाही, धरलाही नाही. ती नुसती बघत राहिली. वाढवणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

अधीक्षकांनी विचारलं, अहवाल संध्याकाळपर्यंत मिळेल का. प्रमुखांनी हळूच सांगून ठेवलं, की खिडक्या बंद करायला आपण सांगितलं होतं, बातमी बंद करायला नव्हे. ते खरंच होतं. लाइनचा डबा दीड वर्ष मागूनही मिळाला नाही, हेही खरं होतं, आणि फोन करायचा नियम कोणीतरी सही करून बंद केला होता, हेही. अक्का ते सगळं लिहिणार होत्या. वर्षानुवर्षं त्या असं लिहीत आल्या होत्या. वाचणारा माणूस पहिलं पान वाचतो, नाव शोधतो आणि फाइल मिटतो, हे त्यांना पाठ होतं. आणि नाव तर होतंच. पुरावा बदलणारा, बहिणीच्या माथी दोष जाऊ देणारा माणूस समोर बसला होता. त्याला सोडायचं काही कारण नव्हतं.

घड्याळवाल्यांची बायको बाहेर बाकावर बसली होती. चौकशी आहे असं कोणाकडून तरी ऐकून ती आपणहून आली होती. तिला आत बोलवायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. अक्का तिच्या शेजारी बसल्या आणि जमेल तितक्या सोप्या शब्दांत त्यांनी सगळं सांगितलं. प्रोग्राम, मेल, टोपलीतला फोन, दोन दहाला पुन्हा पाठवलेला रिपोर्ट.

बाईनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी तिनं विचारलं, "म्हणजे त्या मुलीनं वेळेवर पाठवलं होतं?"

"हो."

"मी तिला दारात गाठून नाही नाही ते बोलले, मंगळवारी." तिनं हातातली पिशवी एका मांडीवरून दुसरीवर घेतली. "तिला सांगा, माझा तिच्यावर राग नाही."

"सांगते."

"त्या भावाला शिक्षा होईल?"

"नोकरी जाईल. खटलाही होईल बहुतेक."

बाईनं मान हलवली. पण ते ऐकून तिचं समाधान झालं नव्हतं. खोलीचं दार उघडून दादा बाहेर आला, त्याच्यामागून प्रमुख, मग नेटवर्कवाला. नर्सही जिन्यापाशी येऊन उभी राहिली होती. बाई एकेकाकडे बघत गेली. प्रत्येकावर तिची नजर जरा वेळ थांबायची आणि मग निसटायची.

"चार दिवस मी त्या पोरीला शिव्या घालून कसेबसे काढले," ती म्हणाली. "आता कोणाला घालू, ते सांगा."

अक्कांनी तिची पिशवी आपल्या हातात घेतली आणि तिला उठायला आधार दिला. दोघी हळूहळू जिन्याकडे निघाल्या.